खिळ्यावरचं डोरलं

लाइट जाते, आमचा इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो आणि मला एक वैतागलेला आवाज ऐकू येतो, "पाणी पाजलं का वं तिले?" पाजलेलं नसतंच. आमची बॅटरी जिन्याखाली पडलेली असते. तिच्या अंगावर रद्दी, जुन्या चपला, एक फुटकी बादली. मंदाबाईंनी ते पाहिलं असतं तर त्यांनी आधी बादली फेकली असती आणि मग मला. आता त्या इथे नाहीत, म्हणून आमचा आळस सुखात आहे.

मंदाबाई आमच्या टेलिफोनच्या ऑफिसात बॅटरीची खोली सांभाळायच्या. पूर्व नागपुरातली ती जुनी इमारत आता बरीचशी रिकामी आहे. मोबाइल आले, घरोघरचे फोन गेले, माणसं मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी गेली. मी तक्रारींच्या काउंटरवर होते. पुढे पुढे तक्रार करायलाही कोणी येईना. मागच्या बाजूच्या लांबट खोलीत मात्र लाकडी घोड्यांवर मांडलेल्या बॅटऱ्यांच्या रांगा तशाच होत्या, कारण लाइट गेली तर सगळं एक्सचेंज त्यांच्यावरच चालायचं.

मी तिथे नवी होते तेव्हाची गोष्ट. त्या खोलीवरून जाताना दाराशेजारच्या खिळ्याला मला एक मंगळसूत्र टांगलेलं दिसलं. काळ्या मण्यांचं, दोन वाट्यांचं, चांगलं वापरातलं. आत रबरी हातमोजे घातलेली एक बाई वाकून काम करत होती. गळा मोकळा. यांचे यजमान गेले की काय! आता कोणाला विचारायचं, कसं विचारायचं, या विचारात मी तिथेच उभी राहिले. मंदाबाईंनी वर न बघताच ओळखलं.

"हाय माहा नवरा," त्या म्हणाल्या. "चांगला चार पोळ्या खाऊन कामाले गेला. हे डोरलं वाकल्यावर खाली लोंबते. बॅटरीच्या दोन टोकाले एकाच वेळी टेकलं तं लाल होते, चुलीतल्या सळीवानी. मंग मी राहीन नाही, अन् तो दुसरी करन. म्हून टांगलं."

त्यांच्या आधी त्या खोलीत जे गृहस्थ होते, त्यांच्या बोटात अंगठी होती. पाना धरलेल्या हाताची ती अंगठी एकदा नको तिथे टेकली. त्या बोटावरचा वळ त्यांनी निरोपसमारंभात सगळ्यांना दाखवला होता म्हणे. मंदाबाईंनी तेवढं पाहिलं आणि पहिल्याच दिवशी दाराशी खिळा ठोकला. बांगड्या काचेच्या, त्या चालायच्या. जोडवी पायात, ती चालायची. डोरलं मात्र खिळ्याला.

ऑफिसात त्याची सवय होऊन गेली. मंगळसूत्र खिळ्यावर असलं की बाई आत आहेत, नसलं की चहाला गेल्यात, असं शिपाईसुद्धा सांगायचा. बाहेर मात्र त्यावरून बरंच काही बोललं जायचं. सगळ्यात जास्त बोलायची त्यांची नणंद. "जित्या नवऱ्याचं डोरलं खिळ्याले टांगते, अवदसा," असं ती चार बायकांत म्हणायची. मंदाबाईंच्या कानावर ते यायचं. "तिले म्हणा, एक दिवस येऊन माह्या जागी वाक," एवढंच म्हणून त्या कामाला लागायच्या. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो जोर त्या उगाच खर्च करत नसत.

त्यांची खोली ही वेगळीच सृष्टी होती. खिडक्या बाराही महिने सताड उघड्या. आत आंबूस वास. कोपऱ्यात खायच्या सोड्याचा डबा, कुठे ॲसिड सांडलं तर टाकायला. डोळे धुवायला पाण्याची बादली, आणि त्या पाण्यात कोणी चहाची कपबशी बुडवली तर खैर नाही. मंदाबाईंच्या सगळ्या साड्यांना बारीक बारीक भोकं. नव्या साडीलाही आठवड्याभरात पडायची. "जाळीचं काम हाय, पैसे देऊन करतात लोक," म्हणायच्या आणि पदर खोचायच्या.

बॅटऱ्यांना त्या पोरी म्हणत. रोज एकेकीचं झाकण काढायचं, काचेची नळी आत घालून थोडं ॲसिड ओढायचं आणि नळीतला तरंगता काटा किती वर आला ते बघायचं. काटा वर तर पोरगी भरलेली, खाली तर दमलेली. "पाणी पाज, पण आटलं तेवढंच. अन् नळाचं नाही, बॅटरीचंच. पाणी आटते, ॲसिड आटत नाही, म्हून वरून ॲसिड ओतू नाही." हे त्या मलाही ऐकवायच्या. मी काउंटरवरची, मला काय त्याचं! पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं.

त्यांचा खरा जीव होता तो बॅटरी उतरवण्यावर. भरणं कोणालाही जमतं, म्हणायच्या, उतरवता आलं पाहिजे. अधूनमधून चार्जर बंद करून सगळं एक्सचेंज बॅटऱ्यांवर टाकायचे, त्यांच्यात किती जीव उरलाय ते कळायला. त्या दिवशी मंदाबाई स्टूल घेऊन आतच बसायच्या. जेवायलाही बाहेर यायच्या नाहीत. काटा अर्ध्यावर आला की ओरडायच्या, "बस! चार्जिंग लावा." नुसती भरून ठेवली तर बॅटरी बसल्या बसल्या सुस्तावते, आणि पार रिकामी केली तर आत पांढरा थर धरून कायमची जाते. म्हणून अर्धं खर्च करायचं, अर्धं ठेवायचं आणि लगेच पुन्हा भरायचं. हाच त्यांचा धर्म.

एक साहेब होते, भले गृहस्थ. ते म्हणाले, "मंदाबाई, या मोठ्या बॅटऱ्या आहेत. नियमाप्रमाणे आणखी उतरवायलाच हव्यात, नाहीतर कळणार कसं?"

"चालन तं साहेब. पण चालते म्हून चालवाचं का?"

साहेबांचं बरोबर होतं. त्यांनी आणखी उतरवल्या आणि बॅटऱ्यांना काही झालं नाही. मंदाबाईंनी ते आजतागायत कबूल केलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी बोलणं टाकलं, आणि संध्याकाळी एकेका बॅटरीला कोरड्या फडक्याने पुसत राहिल्या, तापातून उठलेल्या लेकराला पुसावं तसं.

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडू, नारळ, उदबत्ती. मिरवणूक बॅटरीच्या खोलीशी आली की मंदाबाई दारात आडव्या. "चार्जिंग चालू हाय. आत गॅस साचते. काडी ओढाल तं पूजा तुमचीच होईन." कोणी म्हणालं, वर्षातून एकदा लक्ष्मीला दिवासुद्धा नको का? "लक्ष्मी माही हाय, मी पाहतो तिचं." शेवटी पूजा दाराबाहेर व्हायची, बरोबर त्या खिळ्याखाली. उदबत्तीचा धूर खिळ्यावरच्या मंगळसूत्राला लागायचा, साहेब तिथेच नारळ वाढवायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की हे लोक खिळ्यालाच पुजतात.

माझं घर त्यांच्या गल्लीत, दोन दारं सोडून. त्यामुळे ऑफिस सुटलं तरी मंदाबाई सुटत नसत. गल्लीतल्या प्रत्येक इन्व्हर्टरवर त्यांची नजर. हळदीकुंकवाला बोलवावं तर वाण हातात घेऊन त्या सरळ जिन्याखाली. "काहून वं, टोकावर हिरवं धरलं, दिसत नाही का? कोमट पाण्यात सोडा टाकून पूस." यजमानीण बिचारी अत्तरदाणी धरून उभी. बायका मागून हसायच्या, पण कोणाची बॅटरी अकाली गेली तर आधी मंदाबाईंचंच दार वाजवायच्या.

त्यांचे यजमान नामदेवभाऊ म्हणजे हसरा, बारीकसा माणूस. लकडगंजात आरा मशीनवर उभं आयुष्य गेलं. केसांत, कानांत, भिवयांत लाकडाचा भुसा. "माह्या मिस्टरले झाडलं की अर्धं सागवान निघते," असं मंदाबाई म्हणायच्या आणि भाऊ सगळ्यात आधी हसायचे. तोच भुसा आत छातीतही बसत गेला होता. आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग बसल्या जागी धाप. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक झालीत, ती आता नरम होणार नाहीत. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी, आणि खोलीत दिवसरात्र घरघर. मशीन चालतं विजेवर. वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि तोही थांबला तर नामदेवभाऊंचा श्वास.

मंदाबाईंनी मुदतीआधीची निवृत्ती घेतली. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या जोडल्या, त्यांच्यासाठी खिडकीजवळ लाकडी घोडा करून घेतला आणि खोलीच्या दाराशी खिळा ठोकला. ऑफिसातला दिनक्रम घरी आला. सकाळी डोरलं खिळ्याला, नळीने काटा बघायचा, पुसायचं, डोरलं गळ्यात. महिन्यातून एकदा मुद्दाम लाइटचं बटण बंद करून मशीन बॅटरीवर चालवायचं. भाऊ नळीतून बोलायचे, "आज परीक्षा कोणाची वं, माही का तिची?"

"तिची. तुमी कधी पास झाले होते?"

"माही नाडी कधी पाहिली नाही इतकी. तिची रोज पाहते," भाऊ मला सांगायचे.

असं हसत-खेळत चाललं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मंदाबाई थकून गेल्या होत्या. रात्री मशीनचा आवाज थोडा बदलला तरी उठायच्या. कुहीला भाचीचं लग्न झालं, गेल्या नाहीत. रामटेकला जाऊन यायचं राहिलं ते राहिलंच. डोळ्यांखाली काळं, बोलता बोलता डुलकी. मी एकदा न राहवून म्हटलं, "सगळ्यांना अर्ध्यावर थांबवता, तुमचं काय?"

"माणसाले काटा नसते वं," त्या म्हणाल्या आणि भाऊंची उशी सरळ करायला उठल्या.

नणंद आली की तिचं एकच पालुपद. भावाला हा रोग लागला तो त्या खिळ्यामुळे. मंदाबाई तिला चहा द्यायच्या आणि ऐकून घ्यायच्या.

मग तो मे महिना. दुपारी जीव नकोसा करणारं ऊन होतं आणि घटकाभरात आभाळ काळंमिट्ट झालं. धुळीचं वादळ आलं, पत्रे उडाले, गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आडवा पडला आणि सोबत विजेचा खांब घेऊन गेला. लाइट गेली. थोड्या वेळाने बातमी आली की आज काही येत नाही. घरात ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, पण त्यात जेमतेम उरलेलं; भरलेला घेऊन येणारा माणूस झाडापलीकडे अडकलेला. ॲम्ब्युलन्सला फोन लागेना. लागला तेव्हा ते म्हणाले, रस्ता मोकळा झाला की येतो.

मी गेले तेव्हा मंदाबाईंनी घरातलं सगळं बंद केलं होतं. पंखा नाही, दिवा नाही, फक्त मशीन. मी भाऊंना वारा घालत बसले. मंदाबाई नळी घालून काटा बघत होत्या. एकदा बघितला, दोनदा बघितला. तिसऱ्यांदा बघितला तेव्हा मला त्यांच्या तोंडावरून कळलं की अर्ध्यावर आलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने कुठलीच बॅटरी त्याखाली जाऊ दिली नव्हती.

त्यांनी नळी धुतली, पुसली आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

"आता पाहाचं नाही," म्हणाल्या. "जाते तिथवर जाऊ दे."

आणि घोड्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. भाऊ डोळे मिटून होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

दिवेलागणीला भोजराज आला. आमच्याच गल्लीतला, ई-रिक्षा चालवतो. मागच्या बोळातून कशीबशी रिक्षा काढून त्याने ती मंदाबाईंच्या दाराला लावली आणि मागची सीट उचलली. सीटखाली चार बॅटऱ्या. इन्व्हर्टर तोवर टीं-टीं करायला लागला होता.

"काकू, घ्या. पुऱ्या घ्या, माहा एक दिवस गेला तं गेला."

मंदाबाई उठल्या. भाऊंना सिलिंडरवर घेतलं. डोरलं खिळ्याला होतंच. मोबाइलच्या उजेडात रिक्षापासून खोलीपर्यंत जाड वायरी ओढल्या, चिमटे लावले, मशीन पुन्हा घरघरायला लागलं. लाल वायर कुठे आणि काळी कुठे, यात त्या चुकल्या नाहीत. आधी दोन बॅटऱ्या, मग त्या सोडून उरलेल्या दोन. चौघींवर सारखा भार.

"अर्ध्याच उतरवीन रे भोजराज."

"काकाचा जीव मोठा का बॅटरी मोठी? काहून हिशेब करून राहिल्या?"

"माहीची मी लावली वाट, ती माही होती. तुह्या बॅटऱ्या मेल्या तं तुह्या लेकरायनं काय खावं? दुसऱ्याची अर्ध्याखाली उतरवाची नसते." आणि डब्यातली नळी त्यांनी परत बाहेर काढली, भोजराजच्या बॅटऱ्यांसाठी.

मला तेव्हा त्यांचा रागही आला आणि पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. नवऱ्याचा श्वास अडकलाय आणि ही बाई लोकांच्या बॅटरीत नळी घालून बघतेय! पण त्या तशाच होत्या. पहाटे केव्हातरी लाइट आली. मी भिंतीला टेकून झोपले होते. जाग आली तेव्हा भाऊ चहा मागत होते.

स्वतःच्या त्या दोन बॅटऱ्या मंदाबाईंनी पुढे कितीतरी दिवस हळूहळू भरल्या, पुन्हा उतरवल्या, पुन्हा भरल्या. पूर्वीचा जोर आला नाही, पण वाचल्या. एकदा मी गेले तर त्या बॅटरीला हात लावून नमस्कार करत होत्या. भाऊ म्हणाले, "पाहा. माह्या पाया कधी पडली नाही."

नामदेवभाऊ हिवाळ्यात गेले. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, लाइट असताना. मशीन नीट चालू होतं, बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या, सिलिंडरही भरलेला होता. आतून छातीनेच हात टेकले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मंदाबाई एकच सांगत होत्या, "लाइट गेली नव्हती वं. लाइट होती." कोणी म्हणायचं, हो बाई, होती. पुन्हा त्या दाराकडे बघायच्या आणि नवा माणूस दिसला की पुन्हा तेच.

नणंद तेराव्याला बायकांत बसून म्हणाली, "खिळ्याले टांगू टांगू शेवटी खिळ्यालेच गेलं." मंदाबाई ऐकून न ऐकल्यासारख्या बसल्या. मला मात्र राहवलं नाही. "त्या खिळ्यामुळेच तुमचा भाऊ इतके दिवस श्वास घेत होता," मी सगळ्यांदेखत म्हटलं. माझा आवाज चढला होता. मंदाबाईंनी माझा हात दाबला. गप्प राहा म्हणून की बरं केलंस म्हणून, ते काही कळलं नाही.

मंदाबाई कुहीला भावाकडे राहायला जाणार असं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं होतं. खोलीत घरघर नव्हती, आणि तेवढ्यानेच ते घर परकं वाटत होतं. पण भाऊंच्या रिकाम्या खाटेवर लाकडी पाटी ठेवलेली आणि तिच्यावर जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब रांगेने पेटलेले. भर दुपारी.

"हे काय मंदाबाई?"

"मागच्या गल्लीतल्या सुरेखाच्या सासूले मशीन लागलं," त्या म्हणाल्या. "तिले देऊन राहिली या दोघी. पण किती वेळ चालतात ते खरं सांगितलं पायजे ना. त्या दिवशी पार उतरवल्या होत्या मी. बल्ब जोडून अर्ध्यावर येईपर्यंत पाहतो. मंग रात्रभर भरून सकाळी नेऊन देतो."

आम्ही दोघी दिव्यांसमोर बसलो. दिव्यांच्या उष्णतेने खोली उबदार झाली होती. मंदाबाईंना मध्येच डुलकी लागली. इतक्या महिन्यांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून उठवलं नाही. स्वतःच दचकून जाग्या झाल्या. "काटा पाहाचा राहिला," म्हणून डब्यातून नळी घेतली आणि उठल्या.

घोड्याकडे जाताना त्या खिळ्यापाशी थांबल्या. नळी काखेत धरली. दोन्ही हात मानेमागे गेले, चिमटी धरून डोक्यावरून वर आले, नेहमीसारखे. चिमटीत काही नव्हतं. मी हललेही नाही. मंदाबाईंनी चिमटीचा हात खाली घेतला नाही. तसाच खिळ्यापर्यंत नेला, खिळ्यावर थोडा वेळ टेकवला, आणि मग बॅटरीवर वाकल्या.